वही, दिंडी आणि एकटा नट

दिवाळी सरली की आमच्या भागाला कपिलधारचे वेध लागतात. बीडहून सोलापूरच्या रस्त्याने मांजरसुंब्याकडे निघाले की बालाघाटाच्या डोंगरात हे ठिकाण आहे. कड्यावरून पडणारी धार आणि मन्मथस्वामींची समाधी. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्यातून दिंड्या येतात, तशी कर्नाटक आणि तेलंगणातूनही माणसे येतात. मन्मथस्वामींचे लेखन मराठी, त्यांचा ‘परमरहस्य’ हा ग्रंथही मराठी. पण यात्रेत त्यांचे अभंग कधी कानडी वळणाने कानावर पडतात, कधी तेलुगू वळणाने. शब्द तेच असतात, आघात निराळे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका दिंडीतल्या म्हाताऱ्या टाळकऱ्याला मी विचारले, “बाबा, तुम्हाला हे शिकवलं कुणी?” ते म्हणाले, “शिकवलं न्हाई कुनी. धा-बारा वर्सं मागल्या रांगेत हुभा व्हतो. म्होरला गेला, मी म्होरं आलो.”

मी नाटकाचा अभ्यासक आहे असे म्हणताना अजूनही जीभ अडखळते. नोकरी शाळेत प्रयोगशाळा सहायकाची. नाट्यशास्त्राची पदवी नाही. तीसेक वर्षे नाटकांची हस्तपत्रके, जुन्या जाहिराती, रद्दीतल्या नाट्यसंहिता जमवत आलो, तेवढीच माझी पूंजी. त्या टाळकऱ्याचे उत्तर ऐकले तेव्हा माझ्या डोक्यात भलताच विषय घोळत होता. लंडनमध्ये गाजलेले नाटक न्यूयॉर्कला नेतात, पण त्यातले नट मात्र अमेरिकेतले नावाजलेले घेतात, हे कसे जमते? नाटक एका गावाहून दुसऱ्या गावी जाते तेव्हा नेमके काय जाते? या प्रश्नामागे घरची एक जखमही होती. तिच्याकडे शेवटी येतो.

*

आधी लंडन-न्यूयॉर्कची रीत पाहू. यास्मिना रेझा या फ्रेंच लेखिकेचे ‘आर्ट’ हे नाटक १९९४ साली पॅरिसमध्ये आले. पांढऱ्या कॅनव्हासवर पांढरेच रंगवलेले एक महागडे चित्र आणि त्यावरून तीन मित्रांत जुंपलेले भांडण, एवढाच विषय. ख्रिस्तोफर हॅम्प्टनने त्याचे इंग्रजी केले आणि १९९६ साली मॅथ्यू वॉर्कसच्या दिग्दर्शनाखाली ते लंडनच्या वेस्ट एंडमध्ये उभे राहिले. तिथले नट होते अल्बर्ट फिनी, टॉम कोर्टनी आणि केन स्टॉट. तिघेही ब्रिटिश रसिकांचे ओळखीचे. दोन वर्षांनी, १९९८ मध्ये, हाच प्रयोग न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेला. दिग्दर्शक तोच, नेपथ्यकार मार्क थॉम्पसन तोच, प्रकाशयोजनाही तीच. पण फिनीच्या जागी ॲलन अल्डा उभा होता. कोरियातल्या युद्धावरच्या ‘मॅश’ या मालिकेमुळे अमेरिकेत घराघरांत पोचलेला हा नट. त्याच्या जोडीला मूळचा कॅनडाचा व्हिक्टर गार्बर आणि लंडनचाच आल्फ्रेड मोलिना. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट नाटकाचा टोनी पुरस्कार ‘आर्ट’ला मिळाला.

याच लेखिकेच्या, याच दिग्दर्शकाच्या ‘गॉड ऑफ कार्नेज’ची गोष्ट आणखी बोलकी आहे. लंडनमध्ये २००८ साली त्यात राल्फ फाइन्स, टॅम्सिन ग्रेग, जॅनेट मॅकटीअर आणि केन स्टॉट होते. २००९ साली ब्रॉडवेवर चारही भूमिका अमेरिकी नटांकडे गेल्या: जेम्स गँडोल्फिनी, जेफ डॅनियल्स, होप डेव्हिस आणि मार्शा गे हार्डन. नटांबरोबर नाटकाचे गावही बदलले. पॅरिसमधल्या दिवाणखान्यात घडणारी गोष्ट न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आली. फ्रेंच नावांचे उच्चार अमेरिकी झाले. पुन्हा टोनी पुरस्कार: नाटकाला, दिग्दर्शकाला आणि हार्डनला.

असे का करतात याची कारणे रोकडी आहेत. ब्रॉडवेवर नाटक उभे करणे प्रचंड खर्चाचे. जाहिरातीत नाव असे हवे की ते वाचून माणूस तिकिटाच्या खिडकीशी यावा, आणि लंडनचा मोठा नट न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाला मोठा वाटेलच असे नाही. दुसरे कारण नटांच्या संघटनेचे. अमेरिकेतली ‘ॲक्टर्स इक्विटी’ ही संघटना १९१३ पासूनची. परदेशी नटाला उभे करायचे तर त्याचे नाव तसे मोठे आहे हे दाखवावे लागते, नाहीतर ती जागा आपल्या सभासदाला मिळावी असा तिचा आग्रह असतो. तिसरे कारण कानाचे. प्रेक्षकाला आपल्या बोलीतला विनोद पटकन कळतो.

पण नट बदलून प्रयोग तोच कसा राहतो? त्याचे उत्तर एका वहीत आहे. तिकडे रंगमंच व्यवस्थापकाकडे एक जाड वही असते. तिला ते ‘प्रॉम्प्ट बुक’ म्हणतात. एका पानावर संहिता, समोरच्या पानावर त्या वाक्याला नट कुठून कुठे गेला, कोणत्या शब्दावर दिवा मंद झाला, कोणत्या शब्दावर घंटा वाजली, याची पेन्सिलीने केलेली नोंद. तालमीत काही बदलले की खोडून नवे लिहायचे. ही वही, नेपथ्याचे आराखडे आणि दिग्दर्शक न्यूयॉर्कला पोचले की फिनीची जागा अल्डाला घेता येते. अल्डाने फिनीची नक्कल करावी अशी कुणाची अपेक्षा नसते. चौकट उभी असते आणि तिच्यात तो आपला माणूस उभा करतो.

*

आपल्याकडे इंग्रजी नाटक पहिल्यांदा आले ते असे नव्हे. गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले ते १८८२ साली, टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात असताना. पुढच्या वर्षी ते छापले गेले. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी त्यातला चंद्रसेन, म्हणजे हॅम्लेट, रंगभूमीवर असा उभा केला की त्या भूमिकेशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. त्यांच्यासमोर स्त्रीभूमिकेत बळवंतराव जोग असत. इथेही ब्रिटिश नाटक आणि इथला नामवंत नट अशी जोडी दिसते. पण लंडनहून वही आली नव्हती, नेपथ्य आले नव्हते, दिग्दर्शक आला नव्हता. आले होते फक्त छापील पुस्तक. बाकी सारे इथल्या नटांनी आपल्या बुद्धीने रचले.

याच वाटेवरचे पुढचे मोठे मुक्कामाचे ठिकाण ‘ती फुलराणी’. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’चा पहिला प्रयोग लंडनमध्ये नव्हे तर १९१३ साली व्हिएन्नात, जर्मन भाषेत झाला. लंडनला ते १९१४ साली आले. त्यावरचे ‘माय फेअर लेडी’ हे संगीत नाटक १९५६ साली ब्रॉडवेवर उभे राहिले, तेव्हा वाहतूक उलटी झाली. नाटक अमेरिकी, पण मुख्य नट रेक्स हॅरिसन आणि ज्युली अँड्र्यूज हे इंग्लंडचे. १९५८ साली तोच प्रयोग लंडनला गेला. चित्रपट निघाला तेव्हा मात्र ज्युली अँड्र्यूजला डावलून ऑड्री हेपबर्नला घेतले, कारण पडद्यावर नाव तिचे होते. नावाचे गणित तिकडेही क्रूर असते.

आपल्याकडे १९७५ साली पु. ल. देशपांडे यांनी शॉची फुलवाली मराठीत आणली. भक्ती बर्वे मंजुळा झाल्या आणि सतीश दुभाषी प्राध्यापक. शॉचे नाटक मुळात उच्चारांविषयीचे. कोण कसे बोलतो यावरून त्याची पायरी ठरवणारा समाज हा त्याचा विषय. तो विषय मराठीत आणायचा म्हणजे इंग्रजी वाक्यांचे भाषांतर करून भागणार नव्हते. मराठीतली उच्चनीच बोली शोधावी लागली. भक्ती बर्वेंनंतरही अनेक अभिनेत्रींनी मंजुळा केली, पण ती भूमिका त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय कुणाला पाहताच येत नाही. आपल्याकडे चौकट अनेकदा नटाच्या अंगातच असते.

*

आता उलट दिशा. मराठी नाटक बाहेर गेले तेव्हा काय झाले? दोन उदाहरणे तेंडुलकरांचीच घेतो, कारण ती दोन टोकांची आहेत.

‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाला. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची, नाना फडणवीस मोहन आगाशे. मूळ संस्थेने प्रयोग थांबवल्यावर या मंडळींनी १९७३ साली थिएटर अकॅडमी काढली आणि नाटक पुन्हा उभे केले. १९८० साली ते युरोपला गेले. हे नाटक परक्या नटांच्या हवाली करता येणारे नव्हते. त्याचा पडदाच माणसांचा आहे. ओळीत उभे राहिलेले ब्राह्मण डुलतात, गातात, पाठ फिरवतात, आणि त्यांच्या आडून दृश्ये घडतात. म्हणून सगळा ताफाच विमानात बसला. पण हा ताफा वर्षानुवर्षे तोच नव्हता. लोक नोकरीला लागले, लग्ने झाली, गावे बदलली. नवा मुलगा भिंतीत येऊन उभा राही आणि शेजाऱ्याच्या खांद्याचा अंदाज घेत शिके. कपिलधारच्या टाळकऱ्याचे बोलणे ऐकले तेव्हा मला पहिल्यांदा ‘घाशीराम’ची ती भिंत आठवली.

दुसरे उदाहरण ‘सखाराम बाइंडर’चे. १९७२ साली कमलाकर सारंगांनी बसवलेल्या प्रयोगात निळू फुले सखाराम होते आणि लालन सारंग चंपा. सेन्सॉरशी झालेला त्यांचा झगडा न्यायालयापर्यंत गेला. ते सर्वश्रुत आहे. बत्तीस वर्षांनी, २००४ साली, न्यूयॉर्कमध्ये तेंडुलकरांच्या नाटकांचा महोत्सव झाला तेव्हा तिथल्या ‘प्ले कंपनी’ने ‘सखाराम’ इंग्रजीत केले. संहिता कुमुद मेहता आणि शांता गोखले यांच्या भाषांतराची, दिग्दर्शन मारिया माइलीफ यांचे. सखाराम झाला बर्नार्ड व्हाइट. चंपा झाली सरिता चौधरी, जी ‘मिसिसिपी मसाला’मुळे अमेरिकी प्रेक्षकांना ठाऊक होती. म्हणजे लंडनच्या नाटकाचे जे होते तेच मराठी नाटकाचे झाले, यजमान गावातल्या ओळखीच्या नटांच्या खांद्यावर ते उभे राहिले. फरक एवढाच की सारंगांचा प्रयोग तिथे पोचला नाही, तेंडुलकरांचे शब्द पोचले. निळूभाऊंचा सखाराम कसा बसायचा, मृदंग कसा पुढे ओढायचा, हे न्यूयॉर्कच्या नटाला सांगणारी वही सोबत गेली नव्हती. आगरकरांच्या ‘हॅम्लेट’सारखाच हाही पुस्तकाचा प्रवास.

*

तर नाटक जाण्याच्या तीन वाटा झाल्या. वहीची, दिंडीची आणि नुसत्या पुस्तकाची. आमच्या मराठवाड्यातले एक नाटक या तिन्हींत बसत नाही, आणि ते नेमके लंडनला निघालेले आहे.

प्रा. लक्ष्मण देशपांडे औरंगाबादला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत. १९७९ साली त्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ रंगभूमीवर आणले. मराठवाड्यातल्या खेड्यातले वऱ्हाड विमानाने लंडनला लग्नाला जाते, ही गोष्ट. बावन्न पात्रे आणि नट एक. तीन तासांच्या आसपास चालणाऱ्या प्रयोगात म्हातारी, पोरगे, नवरदेवाकडचे, नवरीकडचे, गोरे, काळे, सगळे तेच. पुढे या प्रयोगाची नोंद गिनीज बुकात झाली.

मी हा प्रयोग पहिल्यांदा पाहिला तो बीडला, शाळकरी वयात. गर्दीत आईच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो. पहिल्या दहा मिनिटांत आई माझ्या कानाशी म्हणाली, “ह्यो तर आपल्या आत्यावानीच बोलायलाय की!” आम्ही हसलो ते विनोदाला, पण त्याहून मोठे काहीतरी त्या मांडवात घडत होते. रंगमंचावरून आमचीच बोली येत होती, आणि ती गड्याची किंवा नोकराची म्हणून नव्हे. अख्खे नाटक त्या बोलीत होते.

हे मोठे का वाटले ते सांगतो. पुढे बारावीनंतर मी पुण्याला एका ठिकाणी नोकरीच्या मुलाखतीला गेलो. बोलता बोलता “मपलं गाव” म्हणालो. समोरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि हसले. वाईट हेतू नसेल. नोकरी मिळाली नाही, त्याला इतरही कारणे असतील. पण त्या दिवसापासून मी ‘मपलं’ आणि ‘तुपलं’ घराच्या उंबऱ्याआत ठेवले. शॉची फुलवाली आणि पु.लं.ची मंजुळा मला पुस्तकात भेटली ती त्यानंतर. त्यांना जे शिकवावे लागले ते मी स्वतःला शिकवत होतो. तेव्हा मनाला एकच धीर होता. देशपांडे सर मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत जाऊन हीच बोली बोलत होते, आणि ती खाली न उतरवता. परदेशातल्या मराठी मंडळांपुढेही त्यांनी तीच बोली नेली. ब्रॉडवेच्या हिशेबाने हे उलटेच झाले. तिथे यजमान गावाच्या कानासाठी नट बदलतात, प्रसंगी नाटकाचे गाव बदलतात. इथे मुंबईच्या कानालाच मराठवाड्याशी जुळवून घ्यावे लागले.

पण या बळातच धोका होता. ‘वऱ्हाड’मध्ये लेखक, दिग्दर्शक, नट सगळे एकाच देहात. बावन्न माणसे एका माणसाच्या खांद्यावर. २२ फेब्रुवारी २००९ रोजी देशपांडे सर गेले, तेव्हा बीडच्या एका चहाच्या टपरीवर मी ऐकले, “वऱ्हाडच वारलं राव.” त्या दिवशी मलाही ते खरे वाटले. संहिता होती. ध्वनिफिती होत्या, आमच्या वाड्यात तर त्यांची कॅसेट घासून घासून खरखरायला लागली होती. पण कॅसेटमध्ये आवाज असतो, पाय नसतात. म्हातारीचा सरांच्या गुडघ्यात येणारा वाक, पात्र बदलताना खांद्याला बसणारा हलका झटका, हे कुठल्या फितीत उतरणार?

नंतर ते नाटक पुन्हा उभे राहिले. संदीप पाठक यांनी ते करायला घेतले. ते आमच्याच जिल्ह्यातले, माजलगावचे. चित्रपट आणि मालिकांमुळे महाराष्ट्राच्या ओळखीचा झालेला चेहरा. म्हणजे इथे ब्रॉडवेचेही गणित साधले, कारण जाहिरातीवर ओळखीचे नाव होते. आणि दिंडीचेही साधले, कारण ज्याने ही बोली आईच्या दुधाबरोबर घेतली तोच पुढे आला. त्यांचा प्रयोग पाहताना सुरुवातीला मी सतत ताळा करत होतो. इथे सर थांबायचे, इथे सर वळायचे. हळूहळू ते विसरलो. म्हातारी वेगळी होती, पण तीही आमच्याकडचीच होती. अल्डाने फिनी व्हायचे नसते, हे मला पुस्तकातून कळले होते. ते पटले तेव्हा.

*

आता ती घरची जखम. माझे मामा गावच्या नाटकमंडळीचे सर्वेसर्वा. जत्रेला दरवर्षी एक ऐतिहासिक नाटक व्हायचे. कोण कुठून येणार, तलवार कुठल्या हातात, पडदा कधी, पेटीवाल्याने सूर कधी धरायचा, सारे मामांच्या डोक्यात. मामा गेले त्या वर्षी मंडळीने त्यांच्या आठवणीखातर तेच नाटक करायचे ठरवले. मामांच्या पत्र्याच्या पेटीत संहिता मिळेल म्हणून आम्ही ती उघडली. आत एक दुमडलेली वही निघाली. ती मामांची नक्कल होती.

नव्या वाचकांसाठी सांगतो. जुन्या मंडळ्यांत प्रत्येक नटाला पूर्ण नाटक देत नसत. त्याला फक्त त्याची भाषणे लिहून देत, आणि समोरच्याच्या भाषणाचे शेवटचे दोन-तीन शब्द, म्हणजे आपण कधी बोलायचे ते कळावे. त्या कागदाला नक्कल म्हणतात. मामांच्या वहीत मामांची भाषणे होती आणि मधे मधे इतरांचे तुटके शब्द: ‘...विडा उचलतो’, ‘...महाराज, घात!’, ‘...मग हीच वेळ’. त्या शब्दांच्या आधी कोण काय बोलत होते, कुठे उभे राहून बोलत होते, ते सांगणारे दोघे-तिघेच उरले होते आणि त्यांचे एकमेकांशी जुळेना. नाटक झाले नाही. तेव्हापासून जत्रेला ऑर्केस्ट्रा येतो.

लंडनची वही वाचताना मला ही वही आठवत होती. तिकडे नट जातो आणि प्रयोग राहतो, कारण कुणीतरी पेन्सिल घेऊन बाजूला बसलेले असते. ते काम कमी मानाचे आहे, जाहिरातीत त्याचे नाव बारीक अक्षरांत येते, पण फिनीपासून अल्डापर्यंतचा पूल त्याने बांधलेला असतो. आपण थोर नटांच्या आठवणी भरपूर लिहिल्या. त्यांचा आवाज कसा, रुबाब कसा, वन्समोअर किती. त्या वाचाव्यातही. पण त्या वाचून पुढच्या नटाला पाऊल कुठे टाकायचे ते कळत नाही.

म्हणून दोन वर्षांपासून मी एक साधे काम धरले आहे. मामांच्या मंडळीतले जे हयात आहेत त्यांच्याकडे रविवारी जातो. अंगणात खडूने रंगमंच आखतो. “तुम्ही इथं उभे होता का तिथं?” असे विचारतो. ते भांडतात, मग उठून प्रत्यक्ष चालून दाखवतात. वयाच्या ऐंशीव्या वर्षी गडी तलवार उपसतो तेव्हा हात नेमका कमरेच्या डाव्या बाजूला जातो, तोंडाने मात्र तो उजवी सांगत असतो. मी हात लिहून घेतो. डाव्या पानावर भाषण, उजव्या पानावर हालचाल. आतापर्यंत दीड अंक झाला आहे.

यंदाही पौर्णिमेला कपिलधारला जाईन. तो टाळकरी गेल्या वेळी दिसला नाही. त्याच्या जागी एक तरुण पोरगा उभा होता, आणि त्याचा टाळ एका मात्रेने मागे पडत होता. शेजारच्याने त्याच्याकडे न बघता नुसता कोपर लावला. पोराने ताल धरला.